रेड अलर्टच्या सुट्टीत मोबाइलवर अभ्यास: लहान मुलांच्या हाती फोन सुरक्षितपणे कसा द्यावा

आम्ही रायगड जिल्ह्यात राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी हवामान खात्याचा रेड अलर्ट येतो, मग जिल्हाधिकाऱ्यांचा शाळा बंदचा आदेश, आणि थोड्याच वेळात वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बाईंचा मेसेज: "उद्याचा अभ्यास सकाळी टाकते." माझी मुलगी दुसरीत आहे. अभ्यासाला फोन एकच, तो म्हणजे माझा. त्याच फोनमध्ये माझी बँक, ऑफिसचे मेल आणि नातेवाइकांचे चार ग्रुप.

गेल्या पावसाळ्यात बाईंनी एका कवितेच्या व्हिडिओची लिंक पाठवली होती. कविता लावून दिली आणि मी पोळ्यांना लागले. कविता तीन मिनिटांत संपली, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला, मग त्याच्या पुढचा. त्यात तिच्या ओळखीचं कार्टून होतं, पण डोळ्यांतून रक्त येणारं. ती गप्प राहिली. दोन रात्री "दिवा चालू ठेव" म्हणून हट्ट केला, तिसऱ्या दिवशी आजीजवळ रडली. मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, "तू मोबाइल काढून घेशील ना."

त्या दिवसापासून घरात बरंच बदललं. ते क्रमाने सांगते. मूल साधारण चार ते नऊ वर्षांचं आहे असं धरून लिहिते आहे.

पायरी १: आदल्या रात्री अभ्यास फोनमध्ये उतरवून ठेवा

सगळ्यात जास्त फायदा या पायरीचा झाला. लहान मुलांच्या बहुतेक अभ्यासाला इंटरनेट चालू असावंच लागत नाही, आपण सवयीने ते चालू ठेवतो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात मोफत मिळतात. मुलाच्या इयत्तेचं पुस्तक एकदाच उतरवून घ्या. पाठ्यपुस्तकांवर छापलेला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शिक्षणाच्या अ‍ॅपमधून स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. त्यातलंही बरंचसं डाउनलोड करून नंतर नेटशिवाय पाहता येतं. बाईंनी ग्रुपवर पाठवलेले फोटो, ऑडिओ, पीडीएफ आधी स्वतः उघडून पाहा.

मग मुलाच्या हातात फोन देताना मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करा. विमान मोड लावू नका, नाहीतर तुमचे फोनही यायचे थांबतील. नेट बंद असलं की पुढचा व्हिडिओ येत नाही, जाहिरात येत नाही, अनोळखी लिंक उघडत नाही. एवढ्या एका गोष्टीने अर्धी काळजी मिटते.

व्हिडिओ नेटवरच पाहावा लागणार असेल, तर दोन कामं करा. पुढचा व्हिडिओ आपोआप लावणारं ऑटोप्लेचं बटण बंद करा. आणि जमत असेल तर व्हिडिओ टीव्हीवर लावून फोन स्वतःजवळ ठेवा. टीव्हीवरचा अभ्यास काही नवा नाही: २०२० च्या जुलैमध्ये कोरोनामुळे शाळा बंद असताना दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली होती. टीव्हीचा पडदा मोठा, मूल लांब बसतं, आणि काय चाललंय ते स्वयंपाकघरातूनही ऐकू येतं.

पायरी २: फोन एका अ‍ॅपला बांधून ठेवा

बऱ्याच पालकांना ही सोय माहीतच नसते, म्हणून जरा सविस्तर सांगते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या सिक्युरिटी विभागात 'अ‍ॅप पिनिंग' किंवा 'पिन अ‍ॅप' नावाची सोय असते. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये ती जरा वेगळ्या जागी असते, तेव्हा सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'पिन' टाइप करून शोधा. ती चालू करा आणि बाहेर पडताना पासवर्ड विचारण्याचा जो पर्याय दिसतो तोही चालू करा. आता पुस्तकाची पीडीएफ उघडा, अलीकडे वापरलेल्या अ‍ॅपची यादी काढा, त्या अ‍ॅपच्या चिन्हावर बोट ठेवा आणि 'पिन' निवडा. फोन आता तेवढंच अ‍ॅप दाखवेल. आयफोनमध्ये हेच काम सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागातलं 'गाइडेड अ‍ॅक्सेस' करतं.

एक मात्र ध्यानात घ्या. व्हॉट्सअ‍ॅप पिन करून दिलं तर उपयोग होत नाही, कारण त्याच्या आत तुमचे सगळे चॅट उघडेच असतात. अभ्यासाची फाइल बाहेर काढून गॅलरीत किंवा पीडीएफच्या अ‍ॅपमध्ये उघडायची आणि ते अ‍ॅप पिन करायचं.

मुलासाठी वेगळा फोन किंवा टॅब असेल तर गूगलचं फॅमिली लिंक वापरा. १३ वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकांनी उघडून द्यायचं असतं. मग कोणतं अ‍ॅप घ्यायचं याची परवानगी, रोजची वेळ, रात्री टॅब बंद होण्याची वेळ हे सगळं तुमच्या फोनवरून ठरवता येतं. व्हिडिओंसाठी यूट्यूब किड्समध्ये 'फक्त मंजूर केलेलं' असा पर्याय आहे. तो निवडला की तुम्ही निवडलेले व्हिडिओ आणि चॅनेलच दिसतात, आणि शोधायची सोयही बंद होते. सुरुवातीला अर्धा तास मोडतो, पण लहान मुलासाठी मला हाच पर्याय योग्य वाटतो.

पायरी ३: पैशांच्या वाटा बंद करा

प्ले स्टोअरमध्ये तुमच्या प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करून सेटिंग्जमध्ये जा. तिथे 'फॅमिली'मध्ये पॅरेंटल कंट्रोल्स (पालकांनी घालायची बंधनं) सापडतील, त्यांना पिन म्हणजे गुप्त आकडा लावा. आणि प्रत्येक खरेदीआधी पडताळणी विचारली जाईल, असा पर्याय निवडा. यूपीआयचा पिन मुलांच्या डोळ्यांदेखत टाकू नका. सात वर्षांच्या मुलांनाही चार आकडे सहज लक्षात राहतात.

"पहिले सात दिवस मोफत" म्हणणाऱ्या शिकवणीच्या अ‍ॅपवर आपला नंबर पटकन देऊ नका. मी एकदा दिला, तर महिनाभर रोज फोन यायचा, आणि दोनदा तो मुलीने उचलला. मोफत म्हणणाऱ्या अ‍ॅपने कार्डाची माहिती किंवा ऑटो-पे (खात्यातून आपोआप पैसे जाण्याची परवानगी) मागितलं की तिथूनच परत फिरा.

पायरी ४: जागा आणि वेळ आधी ठरवा

आमच्याकडे अभ्यासाचा मोबाइल फक्त दिवाणखान्यातल्या चटईवर वापरायचा. मुलीने भिंतीकडे तोंड करून बसायचं, म्हणजे येता-जाता पडदा आपल्याला दिसतो. खोलीचं दार लावून नाही, पांघरुणात नाही, जेवताना नाही. फोन चार्जिंगला असताना हातात द्यायचा नाही. इअरफोन नकोच. आवाज सगळ्यांना ऐकू आला पाहिजे.

वेळेचं म्हणाल, तर केंद्र सरकारच्या २०२० च्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोनच ऑनलाइन सत्रं सांगितली होती, आणि बालवाडीसाठी जास्तीत जास्त ३० मिनिटं. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी रोज एका तासाच्या आत स्क्रीन, तीही मोठ्यांच्या देखरेखीत, असं सांगते. दुसरीतल्या मुलाला सकाळभर फोन समोर धरायला लावणारा अभ्यास आला, तर बाईंना नम्रपणे सांगा. आम्ही तिघी पालकांनी मिळून सांगितलं, आणि बाईंनी लगेच निम्मा अभ्यास वहीवर आणला.

दर २० मिनिटांनी खिडकीपाशी उभं राहून २० सेकंद लांबचं काहीतरी पाहायला सांगा. आमच्या खिडकीतून समोरच्या नारळावरचे कावळे मोजायचे असतात. ती खुशीत जाते.

पायरी ५: 'पालथा ठेव आणि हाक मार'

बाकी सगळं आपण करतो, ही पायरी मुलाने करायची आहे, म्हणून तिला सगळ्यात जास्त वेळ द्या. फोनमधली कुलुपं कधी ना कधी चुकतात. तेव्हा मुलाच्या हाताशी एक सोपी कृती हवी. आमच्या घरात ती अशी आहे: भीती वाटली, कसंतरी वाटलं, कोणी काही विचारलं, किंवा काय चाललंय ते कळलं नाही, तर फोन चटईवर पालथा ठेवायचा आणि मोठ्याने हाक मारायची. बंद करायला जायचं नाही, बटणं दाबायची नाहीत.

मुलांशी याचा खेळासारखा सराव करा. मी बनावट फोन करायचे: "बाळा, आईच्या मोबाइलवर सहा आकडे आलेत ना, ते वाचून दाखव बरं." पहिल्यांदा तिने खरंच वाचायला सुरुवात केली. चौथ्या वेळी "आईला देते" म्हणून फोन पालथा घातला. नाव, शाळा, पत्ता, फोटो आणि आलेले आकडे या पाच गोष्टी फोनवर कोणालाही सांगायच्या नाहीत, हे तिने बोटांवर मोजून पाठ केलंय.

आणि आपण आपला शब्द पाळायचा. हाक आली तर ओरडायचं नाही, फोन जप्त करायचा नाही. परवा तिने हाक मारली तेव्हा माझे हात पिठात होते. जाऊन फोन उलटून पाहिला, तर बॅटरी कमी असल्याचा मेसेज. "बरं केलंस सांगितलंस," म्हटलं आणि फोन चार्जिंगला लावला. उरलेले पाढे पाटीवर झाले.

पायरी ६: ग्रुप आणि फोटो

व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच्या नेहमीच्या खात्याने वापरायचं वय किमान १३ आहे, तेव्हा वर्गाचा ग्रुप पालकांचाच असतो आणि तसाच राहू द्या. अभ्यास दाखवायचा तर वहीचा फोटो पाठवा, मुलाचा नको. मुलाचा फोटो पाठवावाच लागला, तर गणवेशावरचं शाळेचं नाव, ओळखपत्र, मागची सोसायटीची पाटी फोटोत येत नाही ना, ते बघा. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो स्टेटसला ठेवण्याआधी त्याच्या आईला विचारा. ऑनलाइन तासाला मुलाचं पहिलं नाव आणि हजेरी क्रमांक पुरतो.

पायरी ७: आजोबांचा फोन

आपण आपला फोन बांधून ठेवतो आणि आजोबांचा तसाच राहतो. आई-वडील कामावर गेले की मूल त्यांच्याकडेच जातं. आजी-आजोबांशेजारी बसून त्यांच्या फोनमध्येही ऑटोप्ले बंद करा, प्ले स्टोअरला पिन लावा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ आपोआप उतरणं थांबवा. "तुम्हाला कळत नाही" अशा सुरात बोलू नका. आमचे आबा आता स्वतः शेजारच्यांना पिनिंग शिकवतात.

पायरी ८: काही घडलंच तर

आधी मुलाला जवळ घ्या, फोन नंतर बघा. कोणी धमकावणारे किंवा घाणेरडे मेसेज पाठवले असतील तर ते पुसू नका. स्क्रीनशॉट, नंबर, तारीख जपून ठेवा आणि मग ब्लॉक करा. पण लहान मुलांचं अश्लील चित्रण असलेलं काही आलं, तर "बघा काय चाललंय" म्हणून ते कोणालाही पुढे पाठवू नका, तसं पाठवणं हाच गुन्हा आहे. थेट पोलिसांकडे जा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करा. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड. मुलाच्या सुरक्षेबद्दल कोणतीही मदत लागली तर १०९८ ही चाइल्डलाइन २४ तास मोफत चालते, आणि मूल स्वतःही फोन करू शकतं.

आमच्याकडे हे दोन्ही नंबर फ्रिजवरच्या शाळेच्या वेळापत्रकाखाली स्केचपेनने लिहिलेत. १०९८ तिला तोंडपाठ आहे.