शिल्पाभोवती एक फेरी

मी चित्रकला शिकवते. मुलांना कलादालनात नेणाऱ्या पालकांना माझं पहिलं सांगणं असतं: सगळं दाखवायचा हट्ट सोडा, दोन-तीन कलाकृती पुरेत.

सुरुवात शिल्पापासून करा. त्याच्याभोवती फिरता येतं, त्यामुळे मुलांचे पायही कामाला लागतात. पाठीमागून काय दिसतं? उकिडवं बसल्यावर काय बदलतं? मग शिल्पासारखं बसायला सांगा. फ्रेंच शिल्पकार रोदँच्या ‘द थिंकर’ या शिल्पात विचारात गढून बसलेल्या माणसाचं उजवं कोपर डाव्या मांडीवर टेकलेलं आहे. तसं बसून पाहिलं की पाठीला पडणारा पीळ मुलांना स्वतःच्या अंगात कळतो, आणि स्वस्थ वाटणारा तो माणूस किती ताणलेला आहे हेही. हा खेळ मला फार प्रिय आहे.

ब्राँझ हिरवट का, असं मूल विचारेलच. त्यातल्या तांब्यावर हवेची आणि ओलाव्याची क्रिया होते, एवढं सांगा. ‘हात लावू नकोस’ म्हणताना कारणही द्या: घामातले क्षार आणि त्वचेचं तेल पृष्ठभाग खराब करतात. काही शिल्पांना स्पर्शाची मुभा असते. आधी विचारून घ्या.

चित्रांसमोर वही-पेन्सिल हातात द्या. शीर्षक शेवटी वाचा, त्याआधी मुलालाच नाव सुचवू द्या. कंटाळा दिसला की लगेच बाहेर पडा.