पेरणी यंत्र जोडण्याआधी ट्रॅक्टरची उचल तपासा

पेरणी तोंडावर आली की एकच प्रश्न असतो: आपल्या ट्रॅक्टरला किती फणांचे यंत्र चालेल? बहुतेक जण उत्तर एचपीत शोधतात. लहान ट्रॅक्टर मात्र ओढण्यापेक्षा उचलण्यात जास्त वेळा कमी पडतो.

ओढ (किलो) गुणिले वेग (ताशी किमी) भागिले 270, एवढे एचपी ओढायला लागतात. समजा, नऊ फणी यंत्राला 450 किलो ओढ लागते आणि वेग ताशी 5 किमी आहे. म्हणजे साधारण 8.3 एचपी. भुसभुशीत रानात इंजिनची जेमतेम निम्मी ताकद ओढीला मिळते, म्हणून 17 धरा. चढ किंवा ओल असेल तर आणखी जास्त. तरीही आकडा फार मोठा नाही.

आता उचल बघा. माहितीपत्रकातली उचल बहुधा खालच्या लिंकच्या (ट्रॅक्टरमागे यंत्र जोडायच्या खालच्या दांड्यांच्या) टोकाशी मोजलेली असते आणि यंत्राचा भार त्याच्याही मागे असतो. त्यामुळे प्रत्यक्षात ती कमी भरते. बियाणे आणि खताच्या पेट्या पूर्ण भरा, सपाट जागेवर यंत्र उचला, सावकाश वळून बघा. स्टिअरिंग हलके लागले तर पुढे वजने लावा. यंत्र वर असताना ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान 20 टक्के भार पुढच्या चाकांवर राहिलाच पाहिजे. वजने लावूनही जमत नसेल तर कमी फणांचे यंत्र घ्या. उतारावर पुढची चाके उचलली गेली तर जिवावर बेतते, इथे तडजोड नको.

चाक किती घसरते तेही मोजा. मागच्या टायरवर खडूची खूण करा. यंत्र उचलून 10 फेऱ्यांत किती अंतर कापले ते मोजा, मग पेरताना तेवढ्याच फेऱ्यांत किती ते बघा. 40 मीटरचे 35 झाले तर घसरण 12.5 टक्के, म्हणजे ठीक. 20 च्या वर गेली तर डिझेल वाया जाते. वाफसा आलाय का आणि फण गरजेपेक्षा खोल लागलेत का, ते आधी पाहा.

हवेच्या दाबावर बी उचलणाऱ्या टोकण यंत्राचा हिशेब वेगळा. त्याच्या पंख्याला पीटीओची (ट्रॅक्टरमागे यंत्र फिरवणाऱ्या दांड्याची) ताकद वेगळी लागते, आणि पीटीओचे मिनिटाला 540 फेरे सलग टिकले नाहीत तर तबकडीवरून बी गळते.

ट्रॅक्टरच्या चाकामागचा फण दाबलेल्या मातीत उथळ चालतो. पहिल्या तासानंतर उतरून त्या ओळीतले बी उकरून बघा आणि तेवढाच फण थोडा खाली घ्या.