पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या गल्लीचे काम कसे बसवावे

पदपथ उखडला किंवा पथदिवा बंद पडला की बहुतेक जण नगरसेवकाकडे जातात. त्यात वावगे काहीच नाही. मात्र छोट्या कामांसाठी पुण्यात आणखी एक सरळ वाट आहे, आणि ती फार थोडे लोक वापरतात याचे मला मनापासून वाईट वाटते.

आधी पैसा कोठून येतो ते पाहू. महापालिकेचे उत्पन्न मुख्यतः मिळकतकर, बांधकाम परवानगीतून मिळणारे विकास शुल्क व प्रीमियम, पाणीपट्टी आणि जीएसटीपोटी राज्य शासनाकडून येणारे अनुदान यांवर उभे आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, हाही गेला. 2017 मध्ये जीएसटी लागू झाल्यापासून भरपाईची ही व्यवस्था आहे. मोठ्या योजनांसाठी कर्जही काढले जाते. समान पाणीपुरवठा योजनेसाठी जून 2017 मध्ये महापालिकेने 7.59 टक्के व्याजाने 200 कोटी रुपयांचे कर्जरोखे विकले होते. आपल्या गल्लीतल्या कामाचा संबंध अर्थात या कर्जाशी नाही, तर अंदाजपत्रकातील किरकोळ वाटणाऱ्या तरतुदींशी असतो.

नागरिकांनी स्वतः कामे सुचवावीत म्हणून महापालिकेने 2006 मध्ये ‘नागरिकांचा सहभाग असलेले अंदाजपत्रक’ सुरू केले. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयांत आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर त्याचे अर्ज मिळतात. एका कामाचा खर्च 5 लाख रुपयांच्या आत असावा लागतो. मुदत थोडी असते, म्हणून गणेशोत्सवाच्या धामधुमीपूर्वीच तयारी करून ठेवावी.

सर्वाधिक कष्ट अर्जातील दोन-तीन ओळींवर घ्यावेत. ‘आमच्या भागातील पदपथ दुरुस्त करावेत’ असे लिहिले तर तो अर्ज वाया गेला असेच समजावे, कारण कनिष्ठ अभियंत्याला त्यावरून पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, तयार करता येत नाही; त्याला लांबी, रुंदी आणि वस्तू कळली तरच तो दरसूचीतील दर लावून रक्कम काढू शकतो. त्याऐवजी टेप घेऊन मोजमाप करावे आणि ‘शाळेच्या फाटकापासून औषधाच्या दुकानापर्यंत, सुमारे 60 मीटर लांब व दीड मीटर रुंद पदपथावरील निखळलेले ब्लॉक काढून नवे बसवावेत, तसेच पावसाळी गटाराची दोन झाकणे पदपथाच्या पातळीवर आणावीत’ असे लिहावे. सोबत छायाचित्रे जोडावीत आणि शक्य असल्यास शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात.

जागा कोणाची आहे, हे आधी तपासावे. सोसायटीच्या आतल्या खासगी रस्त्यावर महापालिकेचा पैसा खर्च होत नाही, आणि कॅन्टोन्मेंटच्या हद्दीतील कामासाठी कॅन्टोन्मेंट बोर्डाकडेच जावे लागते. अर्ज देताना पोच घ्यावी आणि आठवडाभराने अभियंत्याला भेटून जागा प्रत्यक्ष दाखवावी. या एका भेटीने जे साधते ते दहा पत्रांनी साधत नाही.

पुढे अर्ज प्रभाग समितीसमोर जातात, आणि निवडलेली कामे आयुक्तांच्या अंदाजपत्रकात येतात. अंदाजपत्रकाच्या पुस्तकात नागरिकांनी सुचवलेल्या कामांची यादी स्वतंत्र असते. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ‘स’ यादी वेगळी. आपले काम, त्याचा सांकेतांक आणि तरतुदीची रक्कम तेथे शोधून टिपून ठेवावी.

यादीत नाव आले म्हणजे काम झाले, असे मात्र नव्हे. वर्षाच्या मध्यात एका कामाची तरतूद दुसरीकडे वळवली जाते. त्याला महापालिकेत वर्गीकरण म्हणतात. लहान कामांचा पैसा जातो तो बहुधा याच वाटेने, कारण त्यांच्या पाठीशी कोणी उभे नसते. म्हणून जून-जुलैपासूनच निविदा निघाली का, कार्यादेश दिला का, असे लेखी विचारत राहावे. उत्तर आले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचे शुल्क भरून करावा आणि त्यात त्या सांकेतांकाखालील तरतूद, झालेला खर्च, वर्गीकरणाचा ठराव आणि मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांच्या नोंदवहीची, प्रत मागावी. 30 दिवसांत माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे.

31 मार्चपर्यंत काम झालेच नाही, तर येत्या ऑगस्टमध्ये तोच अर्ज पुन्हा द्यावा आणि त्याला आधीच्या अंदाजपत्रकातील ते पान जोडावे.