मॅनरच्या जुन्या हिशेबात चराईचा पैसा कसा ओळखावा

इंग्लंडमधल्या मध्ययुगीन मॅनरचे, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीचे, हिशेब वाचायला घेतले तेव्हा चराईची प्रत्येक नोंद मी एकाच रकान्यात टाकत गेले. सगळं काम पुन्हा करावं लागलं. म्हणून सांगते, शब्दाच्या आधी जनावर बघा.

डुक्कर असेल तर बहुधा पॅनेज. शरदात ओक आणि बीच या झाडांची फळं गळतात. ती खायला कुळं डुकरं रानात सोडत आणि जमीनदाराला त्याचे पैसे देत. बऱ्याच ठिकाणी वर्षावरच्या डुकराला एक पेनी, लहानाला अर्धी असा दर होता. आकड्यांपुढे ‘ऑब’ दिसलं की अर्धी पेनी समजा. मी आधी ते कुणाच्या नावाचं लघुरूप समजून बसले होते!

मग तारीख. 1217 च्या वनसनदेप्रमाणे राजाच्या रानात डुकरं सोडायची व्यवस्था मायकलमसच्या, म्हणजे 29 सप्टेंबरच्या पंधरा दिवस आधी लागे आणि पॅनेजची वसुली मार्टिनमसच्या, 11 नोव्हेंबरच्या सुमारास होई. ‘यंदा फळ धरलं नाही म्हणून काही नाही’ अशी नोंद मिळाली तर ती हमखास उतरवून घ्या. त्या वर्षी रानात काय घडलं ते एवढ्या एका ओळीतच उरलेलं असतं. मला या ओळी फार मोलाच्या वाटतात.

पण डुक्कर म्हणजे पॅनेजच असं धरून चालू नका. 1086 च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमीनजुमल्याच्या मोजदादीत, ससेक्समध्ये सात डुकरांमागे एक डुक्कर द्यावं लागे, आणि ते हर्बेजपोटी, म्हणजे गवतापोटी.

गुरं-घोडी असतील तर मालक कोण ते शोधा. दुसऱ्याची जनावरं ठरावीक मुदतीसाठी, ठरल्या पैशांत आपल्या कुरणात घेतली की अजिस्टमेंट. दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट या रानात अजिस्टर, म्हणजे चरणाऱ्या जनावरांवर देखरेख ठेवणारे, आजही आहेत. फी भरलेल्या घोड्याच्या शेपटीचे केस ते विशिष्ट पद्धतीने कातरतात. त्यावरून पैसे भरल्याचं लांबूनच कळतं.

नुसतं गुरं हाकत नेणाऱ्यालाही सूट नसे. चेशायरमधल्या हॅल्टन मॅनरमध्ये सार्वजनिक कुरणातून जाताना जनावराने थिसल या काटेरी रानझाडाला तोंड लावलं तरी प्रत्येकी अर्धी पेनी भरावी लागे. तिचं नाव थिसल-टेक. अशा नोंदीत जनावर दुसरीकडचं असलं तरी मुदत नसते, त्यामुळे ती अजिस्टमेंटमध्ये मिसळू नका.