इंग्रजी येतं हो तुम्हाला, पण यूकेत 'येस' म्हणताना जरा जपून

दर सप्टेंबर-जानेवारीत आमच्या इथे इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात नवीन मराठी मंडळी येतात, कोणी आयटीतले, कोणी नर्स, कोणी मास्टर्सला आलेली मुलं, आणि घर, बँक, पोरांची शाळा हे सगळं मार्गी लागलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ताई इंग्रजी कसं सुधारू, अ‍ॅक्सेंट कसा बदलू. अ‍ॅक्सेंटचं सोडून द्या. या देशात लिव्हरपूलवाल्याचं ग्लासगोवाल्याला धड कळत नाही आणि दोघांचं लंडनवाल्याला कळत नाही, तुमचा सोलापुरी अ‍ॅक्सेंट त्यात कुठेही खपून जातो. मी इतकी वर्षं बघतेय त्यावरून सांगते, चुका दोन प्रकारच्या असतात. एक म्हणजे ज्या ऐकून समोरच्याला कळतं की ही भारतातून आलीय, बस, बाकी काही बिघडत नाही. आणि दुसऱ्या म्हणजे ज्या ऐकून समोरचा भलताच अर्थ घेतो आणि तुम्हाला सांगतही नाही, कारण ब्रिटिश माणूस तोंडावर चूक काढत नाही, नुसतं हसून 'लव्हली' म्हणतो. त्या दुसऱ्यांच्या मागे लागा.

सगळ्यात आधी हो-नाही. हे वाचून हसाल, पण यातच सगळ्यात जास्त घोळ होतो. आपल्याकडे कोणी विचारलं 'तुम्ही जेवणार नाही का?' तर आपण म्हणतो 'हो, नाही जेवणार'. म्हणजे तू म्हणतोस ते बरोबर आहे, असा तो हो. इंग्रजीत असं चालत नाही, तिथे प्रश्न कसाही विचारला तरी गोष्ट नसेल तर नोच. आता दवाखान्यात नर्सने विचारलं 'यू डोन्ट हॅव एनी अ‍ॅलर्जीज?' आणि तुम्ही मान डोलवत म्हणालात 'येस', मनात आहे की हो, काही नाहीये, पण ती लगेच पेन उचलून विचारणार कुठली अ‍ॅलर्जी. हे तरी बरं, निदान ती विचारते. उलट बाजूने झालं तर वाईट, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी खरंच आहे, तिने विचारलं 'नो अ‍ॅलर्जीज?' आणि तुम्ही म्हणालात 'नो', मनात की नाही नाही, तसं नाही, आहे की. तिने 'नो'च लिहून घेतलं. म्हणून नुसतं येस-नो करून थांबायचंच नाही, पूर्ण वाक्य बोलायचं, 'आय अ‍ॅम अ‍ॅलर्जिक टू पेनिसिलिन' किंवा 'नो, आय डोन्ट हॅव एनी'.

यातलाच दुसरा सापळा 'डू यू माइंड'. ट्रेनमध्ये कोणी विचारतं 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' आणि आपला माणूस एकदम आगत्याने 'येस येस!' म्हणजे बसा बसा. पण प्रश्न काय होता, तर तुमची हरकत आहे का. येस म्हणजे आहे हरकत! इथे 'नो, नॉट अ‍ॅट ऑल' किंवा नुसतं 'गो अहेड' म्हणा, सेफ.

आता दवाखान्याचा विषय निघालाच आहे तर तो पूर्णच करते, कारण ऑफिसात चुकलं तर फार तर लोक हसतील, डॉक्टरकडे चुकलं तर औषध चुकेल. पहिली गोष्ट, इथे जीपीच्या, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यालाच 'सर्जरी' म्हणतात. 'कम टू द सर्जरी अ‍ॅट नाइन' असा फोन आला की घाबरू नका, कोणी कापाकापी करत नाहीये, आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी पुण्याला फोन करून रडारड केली होती. मग 'सिक'. आपण म्हणतो 'आय वॉज सिक यस्टरडे', म्हणजे आजारी होतो. इथे 'आय वॉज सिक' म्हणजे उलटी झाली. डॉक्टर विचारतात 'हॅव यू बीन सिक?' तेव्हा ते उलट्यांचं विचारतायत, आणि आपण म्हणतो येस, थ्री डेज, आणि मग तीन दिवस उलट्या म्हणून पुढची सगळी चौकशी त्या दिशेने. आजारी असाल तर 'इल' म्हणा किंवा 'नॉट वेल'. पण ऑफिसला न जाणं मात्र 'ऑफ सिक', तिथे उलटीचा संबंध नाही, आता याला काय करणार.

आपलं पित्त हा तर वेगळाच अध्याय आहे. छातीत जळजळतंय तेही पित्त, डोकं दुखून कडू पाणी पडलं तेही पित्त, आणि अंगावर गांधी उठल्या तेही पित्तच. 'आय हॅव अ‍ॅसिडिटी' म्हणाल तर डॉक्टरला साधारण कळेल पण जळजळीला इथे 'हार्टबर्न' म्हणतात (हार्टचा काही संबंध नाही त्यात), अपचनाला 'इनडायजेशन', आणि अंगावर उठतं त्याला 'हाइव्ह्ज'. पहिल्या दोन्हीची औषधं बऱ्याचदा सारखी, हाइव्ह्जचं मात्र वेगळं. उष्णता झालीय हे तर सांगूच नका, त्याला इंग्रजीत जागाच नाही, तोंड आलंय तर 'माउथ अल्सर्स' म्हणा, लघवीला जळजळ होतेय तर तसं सरळ सांगा. 'आय हॅव बीपी' म्हटलं की डॉक्टर मनात म्हणत असणार सगळ्यांनाच असतं, 'हाय ब्लड प्रेशर' म्हणा. शुगर आहे म्हणजे 'डायबिटीस'. सलाइन लावलं म्हणजे 'ड्रिप'. 'माय लेग इज पेनिंग' कळतं त्यांना, पण 'माय लेग हर्ट्स' सोपंय. आणि ताप आला तर इथली माणसं 'आय हॅव गॉट अ टेम्परेचर' म्हणतात.

आपल्या नर्स मुली एनएमसीच्या (इथे नर्सेसची नोंदणी करणारी संस्था) रजिस्ट्रेशनसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षा पास होऊन येतात, त्यांचं कागदावरचं इंग्रजी आपल्यापेक्षा भारी असतं, तरी वॉर्डात पहिल्या दिवशी एखादी आजी 'आय वॉन्ट टू स्पेंड अ पेनी' म्हणाली की गडबडतात. पूर्वी इथल्या सार्वजनिक टॉयलेटचं दार उघडायला एक पेनी टाकायला लागायची, त्यावरून आलंय ते, आजीला टॉयलेटला जायचंय. असलं कुठल्याच परीक्षेत येत नाही, विचारायचं, लाजायचं नाही.

ऑफिस. इथे आपली मराठी वाक्यं आतून कशी डोकावतात ते बघा म्हणजे चूक का होते ते कळेल. आपला 'पर्यंत' दोन कामं करतो. शुक्रवारपर्यंत थांबतो, आणि शुक्रवारपर्यंत देतो. इंग्रजीत पहिला 'टिल', दुसरा 'बाय'. 'आय विल फिनिश इट टिल फ्रायडे' हे त्यांना अर्धवट लागतं, 'बाय फ्रायडे' म्हणा, डेडलाइनचा मामला आहे. मग आपला लाडका 'च'. आजच करतो म्हणजे 'आय विल डू इट टुडे ओन्ली'. मॅनेजरला ऐकू येतं की फक्त आजच करणार, उद्यापासून नाही. च साठी इंग्रजीत शब्दच लावू नका, 'आय विल डू इट टुडे' म्हणा आणि टुडेवर जोर द्या, झालं. तसंच 'मी पण'. 'इव्हन आय लाइक्ड द फूड' असं यजमानांच्या घरी म्हणालात तर अर्थ होतो की माझ्यासारखीलासुद्धा आवडलं म्हणजे बघा! शेवटी 'टू' लावा, 'आय लाइक्ड इट टू'.

'वुड' बद्दल जरा थांबून सांगते कारण हे चांगल्या चांगल्या सीनियर लोकांच्या ईमेलमध्ये असतं आणि त्यांना पत्ताच नसतो. आपल्याला वाटतं 'विल' पेक्षा 'वुड' जास्त अदबीचं, म्हणून आपण लिहितो 'द रिपोर्ट वुड बी रेडी बाय मंडे'. ब्रिटिश माणूस ते वाचून पुढच्या 'इफ' ची वाट बघत बसतो. तयार झाला असता, पण काय? त्याला वाटतं काहीतरी अडचण आहे आणि हे सांगत नाहीयेत. होणार असेल तर सरळ 'विल'. वुड मागण्यासाठी ठेवा, 'वुड यू माइंड सेंडिंग मी द फाइल', तिथे त्याची खरी जागा.

मागण्यावरून आठवलं. आपण उद्धट नसतो पण इंग्रजीत वाटतो, याचं कारण आपला 'ना'. 'फाइल पाठवा ना', 'बघा ना जरा', यात सगळा गोडवा त्या ना मध्ये आणि जरा मध्ये असतो, आपल्याला वेगळं प्लीज म्हणायची सवयच नाही. इंग्रजीत गेल्यावर ना गळतो आणि उरतं 'सेंड मी द फाइल', म्हणजे हुकूम. 'काइंडली' लावून भागत नाही, उलट काइंडली म्हणजे बिल थकल्याच्या नोटिशीसारखं लागतं त्यांना. 'कुड यू' ने सुरुवात करा, दुकानात 'कॅन आय हॅव' म्हणा, 'आय वॉन्ट' नको, आणि शेवटी प्लीज असू द्या, जास्त झालं तरी चालतं. 'यू पीपल' मात्र कधीच नको. आपण सहज म्हणतो तुम्ही लोक, त्यात काही नसतं, पण इथे ते कानाला फार वाईट लागतं, भांडणाची भाषा आहे ती. नुसतं 'यू' किंवा 'युवर टीम'.

आणि मीटिंगमध्ये 'आय हॅव अ डाउट' म्हणू नका, तुमचा त्यांच्यावर विश्वास नाही असं वाटतं, 'क्वेश्चन' म्हणा. 'डू वन थिंग' पण टाळा, मँचेस्टरकडे 'डू वन' म्हणजे चल फुट, पोरं हसतात. 'द गेट इज ऑन द बॅकसाइड' हे डिलिव्हरीवाल्याला सांगाल तर तोही हसेल, बॅकसाइड म्हणजे ढुंगण, 'राउंड द बॅक' म्हणा. पँट म्हणजे इथे आतली चड्डी, वरची ती ट्राउझर्स.

'सिन्स टू इयर्स' ही सगळ्यांना माहीत असलेली चूक, शाळेत बाईंनी छड्या मारून सांगितलेली, तरी होते कारण आपल्याकडे दोन वर्षांपासून आणि २०२२ पासून दोन्हीला पासूनच. कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीची तारीख असेल तर 'सिन्स'. खरी गडबड क्रियापदाची आहे. इंटरव्ह्यूत 'आय अ‍ॅम इन दिस जॉब फॉर थ्री इयर्स' म्हणालात तर ऐकणाऱ्याला वाटू शकतं की तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, अजून बाकी आहे. 'आय हॅव बीन' पाहिजे तिथे. एवढं एक पाठच करून टाका.

ए, अ‍ॅन, द यांचं फार मनावर घेऊ नका, मराठीत ते नाहीतच त्यामुळे आयुष्यभर थोडे चुकणार. जिथे अर्थ बदलतो तेवढं बघा. 'आय अ‍ॅम कोल्ड' म्हणजे थंडी वाजतेय, 'आय हॅव अ कोल्ड' म्हणजे सर्दी झालीय. 'शी इज इन हॉस्पिटल' म्हणजे ती अ‍ॅडमिट आहे, 'इन द हॉस्पिटल' म्हणजे नुसती त्या बिल्डिंगमध्ये आहे, कदाचित डबा द्यायला गेली असेल. बाकी 'डिस्कस अबाउट', 'रिटर्न बॅक', 'इन्फर्मेशन्स', 'कझिन ब्रदर' हे सावकाश सुधारेल, कोणाचं काही अडत नाही. 'डू द नीडफुल' वरून इथले लोक आपल्याला चिडवतात पण ते त्यांचंच जुनं इंग्रजी आहे, त्यांनीच आपल्याकडे नेलं आणि स्वतः विसरले, त्यामुळे त्याची लाज वाटून घेऊ नका, फक्त लिहू नका.

त्यांचं आपल्याला कळण्याचीही एक बाजू आहे. 'यू ऑलराइट?' ही तब्येतीची चौकशी नाही, नुसता नमस्कार आहे, उत्तरात गुडघेदुखी सांगू नका, 'ऑलराइट, यू?' म्हणून पुढे चला. 'हाफ सिक्स' म्हणजे साडेसहा, साडेपाच नाही. उत्तरेत 'कम फॉर टी' म्हणजे बहुतेक वेळा संध्याकाळचं जेवण, घरून पोटभर खाऊन जाऊ नका. आणि बॉस म्हणाला तुमचं काम 'क्वाइट गुड' आहे तर पेढे वाटू नका, ते ठीकठाक आहे म्हणतोय; 'नॉट बॅड' म्हणाला तर मात्र वाटायला हरकत नाही.

शिकायचं कुठे, तर काउन्सिलच्या लायब्ररीत आणि जवळच्या कॉलेजात ईसॉलचे, म्हणजे दुसरी मातृभाषा असलेल्यांसाठी इंग्रजीचे, क्लास असतात, काही फुकट काही फी घेऊन, तुमच्या व्हिसावर सवलत मिळते का ते नाव घालतानाच विचारा. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकांना तर मी आवर्जून सांगते की जा, इंग्रजी येत असेल तरी जा, घराबाहेर चार माणसं भेटतात. घरी बसून बीबीसी लर्निंग इंग्लिश ऐका, १९४३ पासून चालू आहे आणि पैसे पडत नाहीत. लंडनकडे असाल तर डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ चं, तिथे गणपतीत मराठी बोलून जीव मोकळा करा, सारखं इंग्रजी बोलून दमायला होतं हो.

शेवटी फोन. समोर तोंड दिसत नाही त्यामुळे आपला 'व' तिथे मार खातो, आपल्याकडे एकच व आहे आणि त्यांच्याकडे दोन. व्हिक्टरचा व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, विंडोच्या डब्ल्यूला ओठ नुसते गोल, दात लांब. नाहीतर 'वेट' म्हणजे ओलं की जनावरांचा डॉक्टर तेच कळत नाही. आडनाव सांगताना घाई करू नका, वैद्य, वाघमारे, देव्हारे कोणीही असा, एकेक अक्षर शब्दाला बांधून सांगा, व्ही फॉर व्हिक्टर, डब्ल्यू फॉर विस्की, डी फॉर डेल्टा, एन फॉर नोव्हेंबर, एम फॉर माइक. ही यादी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा, वीज कंपनीच्या फोनवर पाऊण तास थांबल्यावर ऐनवेळी एन फॉर काय ते आठवत नाही. आणि त्यांनी परत वाचून दाखवल्याशिवाय फोन ठेवू नका.