ज्येष्ठ गीतकार-गायकाच्या मैफलीचा लाइव्ह अल्बम कसा करावा

स्वतः लिहून, चाल लावून स्वतःच गाणाऱ्या कलावंताची चाळीस-पन्नास वर्षांची गाणी एका मैफलीत रेकॉर्ड करायची, तर माइकच्या आधी पट्टी ठरवावी. पंचविशीत काळी दोनमध्ये (पेटीवरची दुसरी काळी पट्टी) गायलेलं गाणं सत्तरीत काळी एक, कधी पांढरी एकमध्ये उतरवावं लागतं. पेटी घेऊन बसावं आणि प्रत्येक गाण्याच्या अंतऱ्यातली सगळ्यात चढी ओळ लागोपाठ तीनदा गाऊन घ्यावी. तिसऱ्यांदा गळा आवळला, तर अर्धा सूर खाली यावं. पण फार उतरलं की मुखड्यातले खालचे स्वर नुसती हवा होतात, माइकमध्ये येतच नाहीत. असं गाणं कितीही गाजलेलं असो, यादीतून काढावं.

सालवार क्रम मोहात पाडतो. तो टाळलेला बरा. गाण्यागणिक पट्टी बदलली की तबलजी हातोडी घेऊन बसतो आणि मैफल थंडावते. गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून तबला अर्धा-एक सूर हलतो, त्यापुढे दुसराच तबला लागतो. म्हणून एका पट्टीची तीन-चार गाणी सलग घ्यावीत. सर्वांत चढं गाणं चौथं-पाचवं ठेवावं: गळा तोवर मोकळा होतो, थकलेला नसतो. सालं निवेदनात आणि मुखपृष्ठावर सांगता येतात.

गाणी त्यांनीच लिहिली म्हणजे हक्क त्यांच्याकडेच आहेत, असं धरू नये. चित्रपटासाठी किंवा ध्वनिमुद्रण कंपनीसाठी केलेल्या गाण्यांचे जुने करार बघून लेखी परवानगी आधी घ्यावी. कॉपीराइट कायदा, १९५७ साथीदारांनाही सादरकर्ते म्हणून हक्क देतो, तेव्हा त्यांच्याही सह्या लागतात.

नागपुरात सिव्हिल लाइन्सचं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह किंवा रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह बघता येईल. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनामुळे साथीदारांना हॉटेलं मिळणं अवघड होतं, मेमध्ये रेकॉर्डिंगसाठी आवाज करणारा एसी बंद ठेवायची सोय नाही. जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी उत्तम. तारीख घेताना लग्नतिथी जरूर बघा, वरातीचा डीजे कुठल्याही फिल्टरने निघत नाही. रिकाम्या सभागृहात माइक चालू करून पाच मिनिटं हेडफोनवर नुसती शांतता ऐकावी. घुं असा आवाज आला तर बहुधा अर्थिंगचा दोष असतो किंवा दिव्यांचे डिमर त्याच फेजवर असतात. ध्वनियंत्रणेला वेगळा फेज मागावा आणि गिटार, कीबोर्ड डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) घ्यावेत.

प्रत्येक वाद्य स्वतंत्र ट्रॅकवर, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर घ्यावं. २४ ट्रॅक मिनिटाला सुमारे २०७ एमबी खातात, म्हणजे अडीच तासांना ३१ जीबी. ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीपलीकडे जात नाही. सगळे ट्रॅक एकाच फाइलमध्ये असले, तर वीस मिनिटांत रेकॉर्डिंग अडतं. तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावा आणि दुसऱ्या रेकॉर्डरवर समांतर प्रत ठेवावी. सिग्नल फेडरच्या (मिक्सरवरचं आवाज कमी-जास्त करणारं सरकतं बटण) आधी घ्यायचा, नाहीतर सभागृहासाठी केलेली प्रत्येक कमी-जास्त कायमची नोंदली जाते. रेकॉर्डिंगची पातळी सरासरी उणे १८ डीबीच्या आसपास, शिखरं उणे ६ च्या खाली. रंगात आलेला गायक तालमीपेक्षा मोठ्याने गातो, ती जागा सोडून ठेवावी.

टाळ्यांसाठी दोन माइक रंगमंचाच्या टोकांना, प्रेक्षकांकडे तोंड करून, स्पीकरच्या मागे लावावेत. ते १२ मीटर मागे टांगले तर आवाज सुमारे ३५ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो; मिक्सिंगमध्ये तो ट्रॅक तेवढा आधी आणला नाही तर शब्द दुहेरी ऐकू येतात.

तबला दिव्यांखाली अर्धा तास ठेवून मग लावावा. उष्णतेने चामडं ताणलं जाऊन सूर चढतो. पेटीचा सूर मात्र आहे तिथेच राहतो.

शक्यतो सलग दोन संध्याकाळी, त्याच पट्ट्या आणि त्याच माइक-जागा ठेवून रेकॉर्ड करावं, म्हणजे एका रात्रीचं बिघडलेलं कडवं दुसऱ्या रात्रीतून घेता येतं. दुपारच्या रिकाम्या सभागृहातला तुकडा जोडू नये. माणसं नसली की घुमारा लांबतो आणि जोड कळतो.

गाणी टाळ्यांच्या मधोमध कापावीत, सुरात नव्हे. एलपी काढायची असेल तर एका बाजूला वीस-बावीस मिनिटंच धरावीत. ऑनलाइनसाठी प्रत्येक गाण्याला नवा आयएसआरसी क्रमांक (प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) घ्यावा. मूळ ध्वनिमुद्रणाचा जुना क्रमांक इथे चालत नाही.