हार्प शिकायचीय? कोणता धडा आधी, कोणता नंतर

पहिल्या पाच महिन्यांत मी अकरा गाणी बसवली होती. पैसे भरून घेतलेला एक रेकॉर्डेड कोर्स होता. पहिल्या धड्यात एक सोपी धून, दुसऱ्यात दुसरी, आणि मी खूश. सहाव्या महिन्यात प्रथमच व्हिडिओ कॉलवर एका शिक्षिकेसमोर बसले. दोन ओळी वाजवून होतात न होतात तोच त्या म्हणाल्या, "थांबा. अंगठा कुठे गेलाय बघा." अंगठा तर्जनीच्या खाली घसरला होता. हार्पवर अंगठा वर आणि ताठ हवा, बाकीची तीन बोटं त्याच्याखाली तिरकी उतरलेली. तो खाली आला की बोटं एकमेकांच्या वाटेत येतात, सूर दबका निघतो आणि लय वाढवली की हात अडखळतो. ती एक सवय मोडायला पुढचे चार महिने गेले. अकराच्या अकरा गाणी तोवर बंद.

पुण्यात तबल्याचे, सतारीचे, गिटारचे क्लास पेठांपासून पिंपरीपर्यंत मिळतात. हार्पचं तसं नाही. त्यामुळे आपल्यापैकी बरेच जण ऑनलाइन धडे वेचून वेचून शिकतात, आणि कुठला धडा आधी घ्यायचा ही जबाबदारी शिकणाऱ्याच्याच गळ्यात पडते. मला जो क्रम उशिरा कळला तो इथे मांडते.

पायरी १ : धडे कोणत्या हार्पसाठी आहेत ते बघा

ऑर्केस्ट्रात दिसते ती पेडल हार्प. ४७ तारा, ७ पेडल, वजन चाळीस किलोच्या आसपास. तिची आजची यंत्रणा सेबास्तियन एरार यांनी १८१० मध्ये पेटंट केली. सुरुवातीला तिचे धडे घेऊ नका, कारण त्यात पायांचं काम गृहीत धरलेलं असतं. नवशिक्यासाठी लिव्हर हार्प. हिच्या प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाशी एक छोटी कळ असते. ती वर केली की तार अर्ध्या स्वराने चढते.

कोर्सची फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. हार्पला तारा किती लागतील? आणि तारा कोणत्या स्वरांत लावलेल्या हव्यात?

तारांचं उत्तर सोपं आहे. बहुतेक नीट आखलेले कोर्स ३४ तारांच्या आसपासची हार्प धरून चालतात. २२ तारांच्या मांडीवरच्या हार्पवर उजव्या हाताचे धडे छान होतात, पण डाव्या हाताला खर्जात जागाच उरत नाही. माझ्या मते २६ च्या खाली जाऊ नये.

दुसऱ्या प्रश्नात लोक फसतात. काही कोर्स हार्प सी मेजरमध्ये लावलेली धरतात, काही ई फ्लॅट मेजरमध्ये. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पहिलीचा षड्ज पांढरी एक, दुसरीचा काळी दोन. ई फ्लॅटमध्ये लावलेल्या हार्पवर ई, ए आणि बी या तारांच्या कळा वर केल्या की ती सी मेजर होते. म्हणजे अशा हार्पवर दोन्ही प्रकारचे धडे चालतात. उलट होत नाही, कारण कळ तार चढवते, उतरवत नाही. हार्प सीमध्ये लावून ठेवली असेल आणि कोर्स ई फ्लॅटचा निघाला, तर धड्यातल्या कळा आणि तुमच्या कळा कधीच जुळणार नाहीत.

पायरी २ : सूर लावण्याचा धडा सगळ्यात आधी

हा धडा कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक तो ढकलत नेतात. ३४ तारांपैकी सहा-सात तारा उतरलेल्या असतील तर पुढचा एकही धडा कानाला खरा लागत नाही. नव्या तारा तर पहिले काही आठवडे रोज उतरतात, कारण त्या ताणल्या जात असतात.

स्वरमंडळ हाताळलं असेल तर चावी फिरवायची पद्धत तुम्हाला परकी नाही. ट्यूनर अ‍ॅप ४४० हर्ट्झला ठेवा. सगळ्या कळा खाली करा. हे विसरलात तर पूर्ण हार्प चुकीची लागते आणि चूक कळते ती अर्ध्या तासाने. तार आधी थोडी उतरवून खालून वर न्या, आणि योग्य खुंटीवरच चावी आहे ना हे तार छेडून बघा. मी एकदा शेजारच्या खुंटीवर चावी लावून पिळत बसले होते. हातातली तार हलेना म्हणून अजून पिळलं, आणि शेजारची तार कानाजवळ फटकन तुटली.

आपल्याकडे जुलैच्या दमट हवेत लाकूड फुगतं, एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतं. दोन्ही वेळा सूर हलतो. हार्प खिडकीजवळ, कूलरसमोर ठेवू नका.

याच धड्यात तारांचे रंग पाठ करा. लाल तार सी, म्हणजे पांढरी एक. काळी किंवा निळी तार एफ, म्हणजे पांढरी चार. या दोन खुणांवरून बाकीची कुठलीही तार डोळ्याला सापडते.

पायरी ३ : हाताचे धडे, आणि तेही समोरासमोर

खर्च करायचाच असेल तर इथे करा. चार ते सहा धडे शिक्षकासोबत, थेट, व्हिडिओ कॉलवर का होईना. हे धडे रेकॉर्डेड व्हिडिओवर करू नयेत असं मी ठामपणे सांगते, कारण व्हिडिओ तुमचा अंगठा बघू शकत नाही.

या धड्यांत काय शिकवलं जायला हवं? हार्प उजव्या खांद्यावर टेकते, आखूड तारा आपल्याकडे, लांब तारा पलीकडे. खुर्चीची उंची आधी ठरते, वाजवणं नंतर. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका यांना १, २, ३, ४ असे आकडे. करंगळी वाजवत नाही. ती आखूड असते आणि तिला तारेवर न्यायला गेलं की अख्खा हात वाकडा होतो. गिटार वाजवणाऱ्यांनी इथे सावध राहावं, त्यांच्याकडे तर्जनी १ असते.

मग दोन क्रिया, ज्यांवर पुढचं सगळं उभं आहे. एक, तार छेडल्यावर बोट थेट तळहातात मिटतं आणि अंगठा तर्जनीवर येऊन टेकतो. बोट हवेत तरंगत राहिलं तर सूर पातळ येतो. दोन, पुढची बोटं वाजण्याआधीच आपापल्या तारेवर जाऊन बसतात. रांगोळीत ठिपके आधी मांडतो आणि रेघ मग ओढतो, तसंच. चार बोटं चार तारांवर बसवायची आणि मग एकेक सोडायचं. हे पहिले दोन आठवडे इतकं सावकाश करायचं की घरच्यांना वाटावं, वाजवतेय की तारा मोजतेय.

शिक्षक ब्रिटनमधले असतील तर तिथल्या उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे त्यांचे दुपारचे चार, वेळ जमते. कॅमेरा चेहऱ्यावर नको, उजव्या हाताच्या बाजूला, कोपरापर्यंत दिसेल असा ठेवा. आणि झूमसारख्या अ‍ॅपमध्ये ओरिजिनल साउंडचं सेटिंग चालू करा. नाहीतर अ‍ॅपला हार्पची लांबत जाणारी आस म्हणजे गोंगाट वाटते आणि ते ती कापून टाकतं. शिक्षकाला ऐकू येतो तो नुसता टकटकाट.

पायरी ४ : एका हाताच्या धुना

आता रेकॉर्डेड कोर्स घ्या. निवडताना धड्यांची यादी उघडून बघा. पहिल्या तीन धड्यांत फक्त गाण्यांची नावं असतील आणि बोटांबद्दल एक अक्षर नसेल, तर तो कोर्स सोडा. नमुन्याच्या व्हिडिओत शिकवणाऱ्याचा अंगठा जवळून दिसतो का तेही बघा. नुसती सुंदर खोली आणि पूर्ण हार्प दिसत असेल तर त्यातून हात शिकता येत नाही.

इथे आपल्या कानाची शिदोरी कामी येते. हार्प सी मेजरमध्ये असेल तर लाल तार सा, आणि सगळे स्वर शुद्ध. मध्यम आणि निषाद गाळले की भूप, गंधार-निषाद गाळले की दुर्गा रागाचे स्वर, मध्यम-धैवत गाळले की हंसध्वनी. कोर्समधल्या परदेशी धुनेसोबत रोज दहा मिनिटं भूपाची सरगम वाजवा. एक तार गाळून बोट ठेवायची सवय यातूनच लागते, आणि पुढे कॉर्डसाठी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटासाठी, तीच लागते.

एक गोष्ट मात्र मान्य करून चाला. हार्पवर आपली मींड नाही. दरबारीतला आंदोलित गंधार या वाद्याकडून मागू नका.

पायरी ५ : डावा हात, मग दोन्ही

डाव्या हाताचा पहिला धडा सा-प-सां असावा. एका सप्तकात हे तीन स्वर सावकाश फिरवायचे, तंबोऱ्यासारखे. उजव्या हाताला तेव्हा विश्रांती. आठवडाभराने त्यावर भूपाची एक ओळ. दोन्ही हात पहिल्या दिवसापासून एकत्र चालवणारे कोर्स मला पटत नाहीत. अशा वेळी लक्ष धूनकडे जातं आणि डावा अंगठा हळूच खाली घसरतो.

यानंतर कॉर्डचे धडे. आधी तीन स्वरांच्या, एकेक स्वर सुटा वाजवून, मग एकत्र. मग त्याच कॉर्डचे उलटेपालटे क्रम. सोबत तारा दाबून थांबवायचा धडाही घ्या. तार छेडल्यावर ती वाजतच राहते, त्यामुळे कॉर्ड बदलली की जुन्या कॉर्डचे सूर नव्यात मिसळून चिखल होतो.

पायरी ६ : नोटेशन कधी?

सरगम वाचणाऱ्यांना पाच रेघांचं स्टाफ नोटेशन लगेच शिकावंसं वाटत नाही. दोन महिने थांबलं तरी चालतं, त्याहून जास्त नको. ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या दोन्ही मंडळांच्या परीक्षांत बिनपेडलच्या हार्पसाठी स्वतंत्र ग्रेड आहेत. परीक्षा द्यायची असेल तर वाचनाचे धडे एका हाताच्या धुनांसोबतच सुरू करा. फक्त गाण्याला साथ करायची असेल तर कॉर्डची चिन्हं वाचता आली तरी बरीच मजल जाते.

(घरात कोणी विचारलंच, "हे परदेशी वाद्य कशाला?" तर समुद्रगुप्ताचं सोन्याचं नाणं दाखवा. त्यावर राजा मांडीवर धनुष्याच्या आकाराची वीणा घेऊन बसलाय. बिनपडद्याची, प्रत्येक स्वराला वेगळी तार असलेली ती वीणा हार्पच्याच कुळातली.)

पायरी ७ : कळांचे धडे सगळ्यांत शेवटी

वाजवता वाजवता कळ फिरवायचे धडे मोहक दिसतात. पण कळ डाव्या हाताने फिरवायची असते. तेवढा वेळ डावा हात तारांवरून उठतो आणि अचूक जागी परत यावा लागतो. पायरी पाच पक्की नसेल तर परतीच्या वाटेवर चुकतो. ग्लिसांडो, म्हणजे तारांवरून बोट सरसर ओढणं, तेही इथेच. पहिल्या आठवड्यात गंमत म्हणून करायला हरकत नाही, त्यावर धडा खर्चू नका.

कळ न फिरवताही एक अभ्यास करून ठेवा. सी मेजरमध्ये लावलेल्या हार्पवर षड्ज जी तारेवर धरला की खमाज थाट मिळतो, डी वर काफी, ए वर आसावरी, ई वर भैरवी. कुठलीही खुंटी न हलवता.

मग कळेचा पहिला धडा. सी लाच षड्ज ठेवा, भूप सावकाश वाजवा, डावा हात वर न्या आणि मधल्या सप्तकातल्या काळ्या तारेची कळ वर करा. खट् असा बारीक आवाज येतो. आता नी रे ग, म प. शुद्ध मध्यम गेलेला असतो, तीव्र मध्यम लागतो आणि खोलीत यमन सुरू होतो.